कांचेच्या पेटींतील तळें

खिडकीपाशीं ठेवलेली कांचेची एक लहानशी पेटी, तिच्या तळाशीं वाळू, वाळूंत रुजलेलीं चार हिरवीं रोपें आणि त्यांच्यामधून निर्धास्तपणें फिरणारे बोटाएवढे मासे, हें दृश्य आज कोणाला अपूर्व वाटत नाहीं. मुलांच्या करमणुकीची एक वस्तु म्हणून ही पेटी घरांत येते आणि पुष्कळदां महिन्या-दोन महिन्यांत मासे मरून ती माळ्यावर जाते. मासे कां मेले याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पाणी बाधलें, अन्न कमी पडलें, कोणाची दृष्ट लागली, असें कांहीं तरी म्हणून विषय संपतो. वास्तविक याच प्रश्नासाठीं युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांनीं शंभराहून अधिक वर्षें डोकें शिणविलें आहे. बंदिस्त पाण्यांत मासा कशानें जगतो आणि कशानें मरतो, या प्रश्नाचा इतिहास हाच या कांचेच्या पेटीचा इतिहास होय. त्या इतिहासांतून निघणारा निष्कर्ष बेताच्या प्राप्तीच्या माणसाला दिलासा देणारा आहे. मासे जगविण्यास श्रीमंती लागत नाहीं. कांहीं स्वस्त वस्तु, त्यांचा योग्य क्रम आणि थोडा धीर एवढेंच लागतें.

मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. चीनमध्यें सोनेरी मासे प्रथम तळ्यांत आणि पुढें मोठ्या भांड्यांत पाळीत असत. तेथून ते जपानांत आणि सतराव्या शतकांत युरोपांत पोहोंचले. युरोपांत त्यांना कांचेच्या गोल भांड्यांत ठेवण्याची चाल पडली. हें भांडें दिसण्यास सुरेख, पण माशाला घातक. त्याचें तोंड अरुंद, त्यामुळें पाण्याचा हवेशीं संबंध थोडा; आंत झाड नाहीं कीं वाळू नाहीं. वरचेवर पाणी बदलावें तेव्हांच मासा तगे. पाणी बदलण्यास विसरलें कीं तो पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडूं-मिटूं लागे आणि लवकरच उताणा तरंगे. म्हणजे मासा जगे तो भांड्यामुळें नव्हे, तर पाणी बदलणाऱ्या हातांमुळें. पाणी न बदलतां मासा जगवितां येईल काय, हा खरा प्रश्न होता.

या कोड्याचा पहिला धागा पाण्यांत नव्हे, हवेंत सांपडला. इंग्लंडांतील लीड्स येथें धर्मोपदेशकाचें काम करणारा शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टले यानें १७७१ च्या ऑगस्टांत एक प्रयोग केला. ज्या बंद हवेंत मेणबत्ती जळून विझली होती, त्या हवेंत त्यानें पुदिन्याची एक डहाळी ठेविली. दहा दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां नीट जळूं लागली. ज्योतीनें आणि श्वासानें बिघडलेली हवा वनस्पति सुधारतात, असा याचा अर्थ होता. परंतु हा प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. त्याचें कारण १७७९ सालीं यान इंगेनहाउस या डच वैद्यानें दाखवून दिलें. त्यानें लंडनजवळ घर भाड्यानें घेऊन एका उन्हाळ्यांत शेंकडों प्रयोग केले. पाण्यांत बुडविलेल्या पानांवर उन्हांत बुडबुडे जमतात, अंधारांत ते थांबतात. हें कार्य झाडाचे हिरवे भागच करतात. आणि रात्रीं तींच झाडें प्राण्यांप्रमाणें हवा बिघडवितात, असें त्यानें सिद्ध केलें. पाणवनस्पति आणि उजेड यांचें नातें येथें प्रथम स्पष्ट झालें. पुढें पाऊणशें वर्षांनीं माशाच्या पेटीला याच नात्याचा उपयोग झाला.

त्यापूर्वीं पेटी तयार व्हावयाची होती. लंडनच्या पूर्व भागांत वैद्यकी करणाऱ्या नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड याला नेच्यांची हौस होती; पण शहरांतल्या कोळशाच्या धुरानें त्याच्या अंगणांतले नेचे करपून जात. १८२९ सालीं त्यानें एका पतंगाचा कोश ओलसर मातींत ठेवून ती बाटली झांकून टाकली. पतंग बाहेर पडण्याची वाट पाहत असतां त्याला दिसलें कीं, मातींतून एक नेचा आणि गवताचें एक रोप उगवलें आहे. दिवसां पाण्याची वाफ होऊन ती कांचेवर जमे, पुन्हां पाणी होऊन मातींत उतरे, आणि बाहेरची काजळी आंत शिरत नसे. वॉर्डनें यावरून कांचेच्या बंद पेट्या बनविल्या. १८३३ सालीं अशा दोन पेट्या जहाजानें सिडनीला गेल्या आणि आंतलीं झाडें सुखरूप पोहोंचलीं. भारताशींही या पेट्यांचा संबंध आहे. १८४८ नंतरच्या कांहीं वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत आणलीं, तीं वॉर्डच्या पेट्यांतूनच.

तथापि कांच त्या काळीं महाग होती. ब्रिटनमध्यें जवळजवळ शंभर वर्षें कांचेवर सरकारचा अबकारी कर असे. तो १८४५ सालीं रद्द झाला आणि सहा वर्षांनीं घरांच्या खिडक्यांवरील करही गेला. कांच मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आली, घरांत उजेड आला, आणि कांचेची पेटी खिडकीशीं मांडण्याची सोय झाली. एखाद्या छंदाच्या जन्माला शास्त्राइतकाच करही कारण होतो, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

पाण्यांतले जीव कांचेमागें ठेवून त्यांचें निरीक्षण करण्याचा मान मात्र दोन स्त्रियांकडे जातो. झान व्हिल्प्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीनें १८३२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें समुद्रांतील अर्गोनॉट या शिंपलाधारी प्राण्याचा अभ्यास करण्यासाठीं कांचेच्या पेट्या बनवून घेतल्या. पुढें १८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्की येथील किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले आणि ते जिवंत ठेविले. त्यासाठीं घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशीं उभी राहून समुद्राचें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. ओततांना पाण्यांत हवा मिसळे आणि प्रवाळ जगत. पुढच्या वर्षीं थिनबाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पति घालून हे श्रम पुष्कळ हलके केले. पण तोंवर त्या प्रवाळांचें आयुष्य मोलकरणीच्या दंडांवर अवलंबून होतें. ज्याच्या घरीं असा नोकर नाहीं त्यानें काय करावें, याचें उत्तर अजून पूर्णपणें मिळालें नव्हतें.

तें उत्तर एका रसायनशास्त्रज्ञानें दिलें. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या अपॉथेकरीज हॉल या औषधें बनविणाऱ्या संस्थेंत रसायनज्ञ होता. १८४१ सालीं लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, तींत त्याचा पुढाकार होता. १८४९ च्या मे महिन्यांत त्यानें सुमारें १२ गॅलन, म्हणजे जवळजवळ ५४ लिटर पाणी मावेल असें एक कांचपात्र घेतलें. तें झऱ्याच्या साध्या पाण्यानें अर्धें भरलें. तळाशीं वाळू आणि चिखल घातला, माशांना आडोसा मिळावा म्हणून कांहीं दगड रचले. वाळूंत व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचें एक लहानसें रोप लावून त्याच्या मुळांवर एक दगड ठेविला. गवताच्या पात्यांसारख्या लांब पानांची ही वनस्पति भारतांतील तळ्यांतही आढळते. मग दोन लहान सोनेरी मासे आंत सोडून लंडनची काजळी पडूं नये म्हणून पात्रावर मलमलीचें पातळ झांकण घातलें. एवढीच सामग्री. तींत महाग अशी वस्तु पात्राखेरीज एकही नव्हती.

प्रथम सर्व ठीक चाललें. पण कांहीं काळानें व्हॅलिस्नेरियाचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर आणि दगडांवर हिरवट बुळबुळीत थर जमला. माशांना प्राणवायु पुरविणारें झाडच आतां पाणी बिघडवूं लागलें. दुसऱ्या कोणी पाणी ओतून दिलें असतें आणि प्रयोग तेथेंच संपला असता. वॉरिंग्टननें तळ्यांत काय होत असेल याचा विचार केला. तळ्यांत पानें कुजतातच. मग तीं जातात कोठें? त्यानें तळ्यांतल्या पांच-सहा गोगलगायी आणून पात्रांत सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें आणि तो थर खाऊन टाकला. पाणी निवळलें. गोगलगायींनीं घातलेलीं अंडीं माशांना खाद्य झालीं आणि सर्वांची विष्ठा झाडाच्या मुळांना खत झाली. मार्च १८५० मध्यें केमिकल सोसायटीपुढें त्यानें हा वृत्तांत वाचला, तेव्हां वर्ष होत आलें होतें, आणि मासे, झाड व गोगलगायी यांचें त्या एका पात्रांत सुखानें चाललें होतें.

या प्रयोगाचें महत्त्व मासे जगले एवढ्यापुरतें नाहीं. मासा आणि झाड या दोघांचा हिशेब जुळत नव्हता. तो जुळविण्यास तिसरा, दिसण्यांत कुरूप आणि कोणी मुद्दाम पाळणार नाहीं असा जीव लागला. घाण करणारा आणि घाणींतून अन्न करणारा यांच्यामध्यें घाण उचलणारा असावा लागतो, ही गोष्ट वॉरिंग्टनला त्या पांच-सहा गोगलगायींनीं शिकविली. त्यांच्याहूनही लहान असे असंख्य मदतनीस वाळूंत आपोआप येऊन राहिले होते. पण ते त्याला दिसले नाहींत. त्या काळीं ते कोणालाच ठाऊक नव्हते.

यापुढची हकीकत छंदाच्या लाटेची आहे. मे १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांसाठीं स्वतंत्र घर उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें ‘दि ॲक्वेरियम’ हें रंगीत चित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि या वस्तूला तें नांव कायमचें चिकटलें. विल्यम आल्फर्ड लॉइड या पुस्तकें बांधणाऱ्या कारागिरानें आपला धंदा सोडून लंडनमध्यें मत्स्यपात्रांचें आणि जिवंत प्राण्यांचें दुकान घातलें. पुढें तोच हॅम्बर्ग येथील आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मोठ्या मत्स्यालयांचा रचनाकार झाला. दिवाणखान्यांतून नक्षीदार पेट्या दिसूं लागल्या. गॉसचें पुस्तक हातीं घेऊन लोक समुद्रकिनाऱ्यावर लोटले. खडकांतल्या डबक्यांतून त्यांनीं इतके जीव उपसून नेले कीं, गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल खेद व्यक्त केला आहे. आपल्या वडिलांच्या हातून हें नकळत घडलें, हा त्याच्या दुःखाचा विषय होता.

दिवाणखान्यांतल्या पेट्या मात्र फार दिवस टिकल्या नाहींत. लोकांनीं वॉरिंग्टनचीं झाडें घेतलीं, पण त्याचा धीर घेतला नाहीं. पेटी आणल्या दिवशींच तींत दहा-पंधरा जीव सोडीत आणि त्यांना मनसोक्त खाऊं घालीत. पेटी भर उन्हांत ठेवली कीं पाणी तापे आणि हिरवें होई. पंधरवड्यांत दुर्गंधि सुटे. झाड आहे, उजेड आहे, म्हणजे प्राणवायुही असलाच पाहिजे. मग मासे कां मरतात, हें कोडें पुन्हां पुढें उभें राहिलें. त्या वेळच्या विद्येप्रमाणें बिघाड म्हणजे प्राणवायूची तूट, एवढेंच लोक जाणत. खरा मारेकरी दुसराच होता.

माशाच्या शरीरांतून, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनिया सतत बाहेर पडतो. उरलेलें अन्न आणि कुजलेलीं पानें यांतूनही तो सुटतो. अमोनिया पाण्यांत थोडा जरी सांठला तरी माशाला विष होतो, आणि पाणी क्षारयुक्त व ऊन असेल तर त्याचा विषारीपणा वाढतो. मग तळ्यांत तो सांठत कां नाहीं? १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनीं गटाराचें पाणी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळींतून सावकाश झिरपूं दिलें. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर आला. त्यानंतर तो नाहींसा होऊं लागला आणि त्याच्या जागीं नायट्रेट हा बराच निरुपद्रवी क्षार दिसूं लागला. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें कार्य थांबलें. यावरून वाळूंत कोणी तरी सजीव हें काम करीत आहेत, हें उघड झालें.

हा शोध ज्यानें इंग्लंडांत पडताळून पाहिला आणि पुढें नेला, त्याचें नांवही रॉबर्ट वॉरिंग्टन होतें. तो त्या गोगलगायी सोडणाऱ्या रसायनज्ञाचा मुलगा. वडिलांनीं कांचपात्र मांडलें तेव्हां तो दहा वर्षांचा होता, आणि रसायनशास्त्राचे पहिले धडे त्यानें वडिलांच्या प्रयोगशाळेंतच गिरविले. पुढें रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत त्यानें मातींतील या क्रियेवर अनेक वर्षें काम केलें. अमोनियाचें प्रथम नायट्राइट होतें आणि नायट्राइटचें मग नायट्रेट होतें. या दोन पायऱ्या निरनिराळे जंतु चढवितात, असें त्यानें दाखविलें. ते जंतु वेगळे काढण्याचा मान मात्र १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाला. धाकट्या वॉरिंग्टनचा विषय शेतजमीन होता, मासे नव्हे. तरीहि वडिलांच्या पात्रांतील वाळू आणि चिखल यांनीं कोणतें काम केलें, याचें उत्तर मुलाच्या या संशोधनांत आहे. बापानें जो हिशेब जुळविला, त्यांतली न दिसणारी रक्कम मुलानें मांडून दाखविली.

शास्त्राचा शब्द येथेंही शेवटचा ठरला नाहीं. गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइटचा निकाल लावणारे जंतु मुख्यतः नायट्रोस्पायरा या जातीचे असतात, असें १९९८ सालीं दिसून आलें. २०१५ सालीं याच जातीचे कांहीं जंतु दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात, असें सिद्ध झालें. नेदरलंड्समधील संशोधकांना ते सांपडले, ते मासे वाढविण्याच्या एका यंत्रणेच्या गाळणींत. सव्वाशें वर्षें शिकविलेला नियम अशा रीतीनें माशांच्याच पाण्यानें सुधारून दिला.

दुसरी दुरुस्ती त्यापूर्वींच झाली होती. झाड प्राणवायु देतें आणि मासा कर्बाम्लवायु देतो, म्हणून दोघांचा तराजू समतोल राहतो, ही कल्पना शंभर वर्षें पुस्तकांतून चालत आली. १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स ॲट्झ या मत्स्यशास्त्रज्ञानें तिला उघडपणें मिथ्या ठरविलें. पेटींतला वायूंचा बहुतेक व्यवहार पाण्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या हवेशीं होतो, आणि रात्रीं तर झाडेंच प्राणवायु खर्चितात, असें त्यानें दाखवून दिलें. म्हणून उथळ आणि रुंद पेटींत अधिक मासे जगतात, उंच आणि अरुंद पेटींत कमी. जुन्या गोल भांड्यांतला मासा वर येऊन तोंड कां उघडीत असे, याचा उलगडा येथें होतो.

मग झाडांचा उपयोग काय? त्याचें उत्तर अमेरिकेंतील डायना वॉलस्टॅड यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाणवनस्पतींवरील पुस्तकांत चांगलें मांडलें आहे. बऱ्याच पाणवनस्पति नायट्रेटपेक्षां अमोनियाच अधिक आवडीनें शोषून घेतात. म्हणजे माशाला जें विष, तेंच झाडाला पहिलें अन्न. जोमानें वाढणारीं झाडें पुष्कळ असतील तर महागड्या गाळणीचें बरेंचसें काम तींच करतात. वॉलस्टॅड यांची पेटी साध्या मातीची, थोड्या वाळूची आणि खिडकीच्या उजेडाची आहे. दीडशें वर्षें फिरून शास्त्र पुन्हां वॉरिंग्टनच्या चिखलापाशीं आलें, पण आतां त्याला चिखलाचें कारण ठाऊक होतें.

थोड्या खर्चांत अशी पेटी मांडूं इच्छिणाऱ्याला या इतिहासांत सर्व कृति सांपडते. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच असावी. तींत ५४ लिटर पाणी मावतें, म्हणजे थेट वॉरिंग्टनच्या पात्राएवढें. जुन्या बाजारांतली पेटीही चालते. मात्र ती सपाट जागीं ठेवून, रात्रभर पाण्यानें भरून, गळत नाहीं याची खात्री करावी. भरलेल्या पेटीचें वजन साठ-सत्तर किलोंच्या घरांत जातें, म्हणून मेज भक्कम पाहिजे. तळाशीं बागेंतली, खत न घातलेली, चाळलेली माती दोन-तीन सेंटिमीटर पसरावी आणि तिच्यावर तेवढाच थर धुतलेल्या जाड वाळूचा द्यावा. वाळूच्या झांकणानें माती पाण्यांत मिसळत नाहीं. समुद्राची वाळू व शिंपले टाळावे, कारण त्यांनीं पाणी जड होतें. मग व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम अशीं भरभर वाढणारीं रोपें पहिल्याच दिवशीं दाट लावावीं. झाडांच्या बाबतींत हात आंखडूं नये. खर्च करावयाचा तो येथें.

यानंतरची पायरी पैशाची नसून धीराची आहे. श्लोझिंगच्या नळीला वीस दिवस लागले. पेटीलाही तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ मासे सोडूं नयेत. त्या अवधींत झाडें मूळ धरतात, वाळूंत जंतु वसतात आणि झाडांबरोबर आलेल्या लहान गोगलगायी कांच साफ करूं लागतात. त्यांना उपद्रवी समजून वेंचून फेकूं नये. नळाचें पाणी भांड्यांत एक दिवस उघडें ठेविल्यास त्यांतील क्लोरिन उडून जातो. जेथें पाण्यांत क्लोरामाइन घालतात तेथें मात्र तें उडत नाहीं; त्यासाठीं दुकानांत मिळणारें औषध वापरावें लागतें. उजेड रोज सुमारें आठ तास पुरे; सकाळचें कोंवळें ऊन थोडें चालेल, दुपारचें नको.

मग तीन-चार गप्पी सोडावे. हा मासा लहान, काटक आणि पाण्यांत जिवंत पिलें देणारा आहे. डांसांच्या अळ्या खातो म्हणून महाराष्ट्रांतील नगरपालिकांनीं तो हौदांतून व विहिरींतून सोडलेला पुष्कळांना परिचित आहे. सोनेरी मासा मात्र मोठा वाढतो आणि फार घाण करतो. वॉरिंग्टननें पाळला तरी या आकाराच्या पेटींत तो घालूं नये. माशांना एक-दोन मिनिटांत संपेल एवढेंच अन्न द्यावें, कारण अधिक घातलेलें अन्न म्हणजे अधिक अमोनिया. आठवड्याला चौथाई पाणी बदलावें. उन्हाळ्यांत विशेष जपावें; २० अंश उष्णतेच्या पाण्यांत प्राणवायु लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम राहतो, ३० अंशांस तो साडेसातांवर येतो. वैशाखांत पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊं दिल्यास बाष्पीभवनानें पाणी थंड राहतें. मासे थोडेच असले तर हवेच्या पंपावांचूनही चालतें.

एडमंड गॉसचा खेद मात्र विसरूं नये. पेटीसाठीं ओढे-तळीं उपसूं नयेत, आणि नकोसे झालेले मासे वा झाडें नदींत टाकूं नयेत. आपल्याकडील तळ्यांत निमूटपणें वाढणारी हायड्रिला १९५० च्या सुमारास पेट्यांच्या व्यापारांतून अमेरिकेंतील फ्लॉरिडांत पोहोंचली आणि तेथील कालवे व सरोवरें तिनें कोंडून टाकलीं. एका ठिकाणचा समतोल दुसऱ्या ठिकाणीं उपद्रव होऊं शकतो.

१९५१ सालीं मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां कांचेमागील पाण्याचें जग महाराष्ट्रांतील असंख्य मुलांनीं प्रथम तेथेंच पाहिलें. त्यांतील पुष्कळांनीं घरीं येऊन पेटीचा हट्ट धरला असेल आणि तो हट्ट पुरविणाऱ्या वडिलांनीं घाईनें माशांची पिशवी आणली असेल. त्या घाईचें फळ काय असतें, हें लंडनच्या दिवाणखान्यांनीं पूर्वींच पाहिलें होतें. झाडें आधीं, जंतु मग आणि मासे शेवटीं, हा क्रम जो पाळील, आणि पहिले तीन-चार आठवडे रिकाम्या पेटीकडे पाहत बसण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्या घरची पेटी माळ्यावर जाण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं.